बाबासाहेब हे कुठे म्हणाले?



यंदाच्या भीमजयंतीला आमच्या वस्तीत एक प्रसंग घडला. तो सांगावा की नाही याचा बरेच दिवस विचार करीत होतो, कारण त्यात चूक माझी होती. परंतु दर आठवड्याला या सदरातून लोकांना चार गोष्टी सांगायच्या आणि स्वतःची चूक तेवढी झाकून ठेवायची, हे काही बरे नाही. म्हणून सांगतो.

विहारात दरवर्षीप्रमाणे मुलांची वक्तृत्व स्पर्धा होती. आमच्या चाळीत नववीत शिकणारी एक मुलगी आहे. वडील महापालिकेच्या सफाई खात्यात, आई चार घरची धुणीभांडी करते. मुलगी हुशार, आवाज खणखणीत. स्पर्धेच्या आठ दिवस अगोदर ती घरी आली. म्हणाली, 'काका, तुमची वचनांची वही द्या ना. मला भाषण लिहायचंय.' मी मोठ्या कौतुकाने वही काढून दिली.

वही म्हणतो, पण त्या दोन वह्या आहेत. पहिली माझ्या वडिलांची. वडील गिरणीच्या रिंग खात्यात कामाला होते, रात्रशाळेत सातवीपर्यंत शिकलेले. १९८२ च्या संपात घरी बसले, तेव्हा त्यांनी लाल बांधणीची एक लांब वही आणली आणि भाषणांत ऐकलेली, वर्तमानपत्रांत वाचलेली, विहारांच्या भिंतींवर पाहिलेली वचने तीत उतरवू लागले. दुसरी वही माझी. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना सुरू केली. दोन्ही मिळून ४१६ वचने आहेत. कुणाचे लग्न असो, नामकरण असो, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असो, दोन शब्द बोलायचे असले की लोक माझ्याकडे येतात. मलाही त्याचा थोडा अभिमान होता. थोडा म्हणजे बराच होता.

मुलीचे भाषण सुंदर झाले. टाळ्या पडल्या. तिने शेवट केला तो शिक्षणाला वाघिणीचे दूध म्हणणाऱ्या वाक्याने. हे वाक्य आपल्याकडे कोणाला माहीत नाही? आमच्या विहाराच्या दारावरही ते निळ्या अक्षरांत रंगवलेले होते, खाली बाबासाहेबांचे नाव. परीक्षक म्हणून एक प्राध्यापक बाई आल्या होत्या. त्यांनी प्रेमाने विचारले, 'बाळ, हे वाक्य बाबासाहेबांच्या कोणत्या भाषणातले?' मुलगी गोंधळली. तिने माझ्याकडे पाहिले. मी वर पंख्याकडे पाहिले. शेवटी ती खरे तेच बोलली, 'काकांच्या वहीत आहे.' सगळे हसले. तिला दुसरा क्रमांक मिळाला.

घरी येताना ती काही रडली नाही. उलट मलाच म्हणाली, 'काका, वहीत नुसतं डॉ. आंबेडकर एवढंच लिहिलंय. पुस्तकाचं नाव, पान का नाही लिहिलंत?'

वाचकहो, मी गेली २२ वर्षे हिशेब विभागात कारकून आहे. शिपायाने टॅक्सीचे दीडशे रुपये मागितले आणि पावती जोडली नाही तर मी बिल परत पाठवतो. साहेबांचे असले तरी पाठवतो. व्हाउचर नाही तर नोंद नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. आणि ज्या महापुरुषामुळे मी त्या खुर्चीवर बसलो, त्याच्या नावावर माझ्याच घरात शे-दोनशे नोंदी बिनपावतीच्या!

त्याच आठवड्यात नवी वही आणली. पाच रकाने पाडले: वचन, कोणाचे, कोणत्या ग्रंथात कोणत्या पानावर, केव्हाचे, आणि शेवटचा रकाना 'स्वतः पाहिले'. शेवटच्या रकान्यात सही. कुणी सांगितले, व्हॉट्सॲपवर आले, अमुक वक्त्याने म्हटले, यावर सही करायची नाही. छापलेले पान डोळ्यांनी पाहिले तरच करायची. ज्याचा आधार मिळणार नाही त्यासाठी वहीची शेवटची पाने राखून ठेवली आणि वर लिहिले 'सस्पेन्स खाते'. ज्यांनी कॉमर्स केलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. तेरीज जुळली नाही की फरकाची रक्कम तात्पुरती एका खात्यात टाकतात. ती बुडीत धरत नाहीत, पण कोणाच्या नावावरही घालत नाहीत. चूक सापडली की तिथून काढून योग्य खात्यावर न्यायची.

आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, 'ऑफिसात खर्डेघाशी, घरी पण खर्डेघाशी.' परंतु पुढे त्याच सगळ्यात जास्त मदतीला आल्या, हे कबूल केले पाहिजे.

सोपी वचने आधी घेतली. धम्मपदाच्या गाथांना काही त्रास नाही. २६ वग्ग, ४२३ गाथा, प्रत्येकीला क्रमांक. वैराविषयीची प्रसिद्ध गाथा यमकवग्गात पाचवी आहे, झाले काम. जोतीराव फुल्यांचे विद्येविषयीचे ते सर्वांना पाठ असलेले वचन 'शेतकऱ्याचा असूड' या १८८३ च्या ग्रंथाच्या उपोद्घाताच्या सुरुवातीलाच आहे. शासनाने १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेले फुल्यांचे समग्र वाङ्मय आमच्या वाचनालयात होते. दहा मिनिटांत सापडले. फक्त माझ्या वहीत त्यातल्या दोन ओळींची अदलाबदल झालेली निघाली. वीस वर्षे मी ते चुकीच्या क्रमाने म्हणत होतो आणि एकाही श्रोत्याने मला टोकले नव्हते.

बाबासाहेबांसाठी मात्र घरात खंड हवेत. महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ मध्ये इंग्रजी लेखन-भाषणांचा पहिला खंड काढला, तेव्हापासून ही मालिका वाढत गेली. संविधान सभेतली भाषणे १३ व्या खंडात आहेत. मराठी भाषणे १८ व्या खंडाच्या तीन भागांत, सालवार. काही खंड चर्नी रोडच्या शासकीय ग्रंथभांडारातून घेतले, काही ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या स्टॉलवरून, उरलेले वाचनालयात बसून पाहिले. बहुतेक इंग्रजी खंडांना शेवटी सूची आहे, तिचा उपयोग करावा. मराठी भाषणांसाठी सभेचे गाव आणि साल ठाऊक असले तर अर्धे काम होते.

आता वाघिणीच्या दुधाकडे वळू. जेवढे खंड मी चाळले त्यांत हे वाक्य कुठेही नाही. मग उलट दिशेने शोध घेतला. तेव्हा कळले की 'वाघिणीचे दूध' ही उपमा मराठीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावावर सांगितली जाते, आणि तीही शिक्षणाला नव्हे तर इंग्रजी भाषेला दिलेली. स्पर्धा परीक्षांना बसणाऱ्या मुलांना हा प्रश्न पाठच असतो. आमच्याच पुतण्याने तो मला सांगितला. हे चिपळूणकर कोण? 'निबंधमाले'चे लेखक, १८८२ मध्ये वारले. याच निबंधमालेतून त्यांनी जोतीरावांची, 'गुलामगिरी' ग्रंथाची आणि सत्यशोधक समाजाची यथेच्छ टवाळी केली होती. जोतीरावांच्या भाषेची, व्याकरणाची चेष्टा केली होती. आणि आम्ही त्यांचीच उपमा विहाराच्या दारावर बाबासाहेबांच्या नावाने रंगवून ठेवली होती!

मी हे विहार समितीच्या बैठकीत सांगितले. तिथे एक ज्येष्ठ आहेत, सारी वस्ती त्यांना आप्पा म्हणते. दर रविवारी सकाळी विहार झाडतात ते आप्पाच. ते संतापले. म्हणाले, 'तू काय बाबासाहेबांची वाक्यं कमी करायला निघालास? या वाक्यावर आमची पोरं शिकली. माझा थोरला याच वाक्यावर पदवीधर झाला.' त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मी गप्प बसलो. दुसऱ्या बैठकीला त्यांना घरून घेऊन गेलो आणि 'जातिप्रथेचे निर्मूलन' या ग्रंथाची हकिकत सांगितली. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले. भाषण आधी छापून गेले, ते वाचून मंडळी घाबरली, काही भाग गाळा म्हणू लागली. बाबासाहेबांनी कळवले की एक स्वल्पविरामसुद्धा बदलणार नाही. परिषद रद्द झाली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापले, पंधराशे प्रती काढल्या आणि त्या दोन महिन्यांत संपल्या. मी म्हणालो, 'आप्पा, ज्यांनी आपल्या भाषणातला स्वल्पविराम हलू दिला नाही, त्यांच्या तोंडी आपण अख्खी वाक्यं घालतो.' आप्पा काही बोलले नाहीत. परंतु दाराच्या फलकाला पांढरा रंग लावायला त्यांनी संमती दिली.

अगदी उलट प्रकारची चूकही असते, आणि ती मला जास्त लागली. २५ नोव्हेंबर १९४९ चे संविधान सभेतले भाषण घ्या. (२६ नोव्हेंबर नव्हे. २६ ला संविधान स्वीकारले गेले. माझ्या वहीत सगळीकडे २६ होते.) कृतज्ञतेला काही मर्यादा असते, राष्ट्राने आपले स्वातंत्र्य देऊन कृतज्ञता दाखवू नये, अशा अर्थाचे एक वचन त्या भाषणातून उचलून लोक बाबासाहेबांच्या नावाने छापतात. मीही छापले आहे, एका लग्नपत्रिकेवर! १३ वा खंड उघडून पाहिले तर बाबासाहेब तिथे स्पष्ट सांगतात की हे आयर्लंडचे देशभक्त डॅनियल ओ'कॉनेल यांचे म्हणणे आहे. मोठ्या माणसाच्या पायाशी आपले हक्क वाहू नका असा इशारा आहे, तोही नाव घेऊनच दिला आहे, जॉन स्टुअर्ट मिल यांचे. त्याच भाषणात जेफरसनचा आधार आहे, तिथेही नाव आहे. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते हा विचार मात्र त्यांचा स्वतःचा आहे. म्हणजे बाबासाहेबांनी दुसऱ्याचे ते दुसऱ्याचे म्हणून, आपले ते आपले म्हणून सांगितले होते. मधली नावे आम्ही खोडली. वकिलाने, अर्थशास्त्रज्ञाने जपून मांडलेला हिशेब त्याच्या वारसांनी बिघडवला.

यावरून एक युक्ती शिकलो, ती सांगून ठेवतो. वचन सापडले की त्याच्या आधीची पाच आणि नंतरची पाच वाक्ये वाचावीत. पुष्कळदा वरच्या ओळीतच 'अमुक म्हणतात' असे सापडते. कधी असेही होते की बाबासाहेब ज्याचे खंडन करणार असतात तेच मत आधी मांडून दाखवतात, आणि आपण तेवढेच उचलतो. माझ्या वहीत अशी तीन निघाली. त्यांचा तपशील देत नाही, लाज वाटते.

आता जरा अवघड गोष्ट. 'जातिप्रथेचे निर्मूलन'च्या आरंभी दोन वचने दिली आहेत. एक भगवान बुद्धांचे आणि दुसरे विचार न करणाऱ्या माणसांचे तीन प्रकार सांगणारे. हे दुसरे आपल्याकडे सर्रास बाबासाहेबांचे म्हणून चालते. त्यांनी खाली नाव दिले आहे, 'एच. ड्रमंड'. मी रकान्यात 'एच. ड्रमंड' लिहून सही करणार होतो. परंतु हे ड्रमंड कोण, याची खात्री करावी म्हणून पुढे गेलो. हेन्री ड्रमंड नावाचे एक स्कॉटिश धर्मोपदेशक-लेखक होऊन गेले, १८९७ मध्ये वारले. वचन त्यांचे नाही. ते आहे सर विल्यम ड्रमंड या दुसऱ्याच स्कॉटिश विद्वानाचे, १८०५ च्या 'अकॅडेमिकल क्वेश्चन्स' या ग्रंथाच्या प्रस्तावनेतले. जुन्या पुस्तकांच्या छायाप्रती आता संगणकावर मिळतात. पुतण्याने ते पान काढून दाखवले, तेव्हा मला दोन मिनिटे काही सुचेना.

म्हणजे बाबासाहेबांच्या ग्रंथातच नावाचे आद्याक्षर चुकलेले आहे. हे लिहावे का? पत्नीने विचारले, 'लोक काय म्हणतील?' मीही घाबरलो, खोटे कशाला सांगू. चार दिवस ती ओळ रिकामी ठेवली. मग लिहिले: 'वचन सर विल्यम ड्रमंड यांचे, १८०५. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ग्रंथारंभी दिले, तिथे नाव एच. ड्रमंड असे छापले आहे.' आणि सही केली. एका अक्षराने त्या ग्रंथाचे काय कमी होणार? दुसरे असे की ते वचन मुळातच विचार करायला न धजणाऱ्यांबद्दल आहे. ते लिहून घेताना आपणच घाबरायचे म्हणजे कमाल झाली.

शिक्षण, संघटन आणि संघर्षाच्या त्रिसूत्रीबद्दल मात्र मी बिनधास्त होतो. तिचा आधार लगेच मिळाला. जुलै १९४२ मध्ये नागपूरला भरलेल्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेत बाबासाहेबांनी आपला अखेरचा सल्ला म्हणून हे तीन शब्द दिले. हे इंग्रजी भाषण १७ व्या खंडाच्या तिसऱ्या भागात आहे. पण तिथे क्रम वेगळा दिसतो. आधी शिक्षण, मग चळवळ, मग संघटन. आपण मराठीत करताना मधला शब्द शेवटी नेला. हे तिन्ही इंग्रजी शब्द त्याच क्रमाने इंग्लंडमधल्या सोशल डेमोक्रॅटिक फेडरेशन या समाजवादी कामगारांच्या संघटनेने १८८० च्या दशकातच ब्रीद म्हणून वापरले होते, हेही वाचनात आले. आप्पांना सांगितले तेव्हा ते पुन्हा भडकतील असे वाटले होते. ते म्हणाले, 'गिरणीवाल्यांचंच होतं म्हण ना मग. आपल्याच लोकांचं.' मला हे सुचले नसते.

भगवान बुद्धांच्या नावाने जे चालते त्याचा एक निराळाच ग्रंथ होईल. व्हॉट्सॲपवर रोज सकाळी कमळाच्या चित्राखाली एक बुद्धवचन येते, त्यातले कितीतरी कोणत्याही पिटकात नसते. रागावलेला माणूस दुसऱ्याला मारायला निखारा उचलतो आणि आधी स्वतःचा हात भाजतो, हा दृष्टान्त घ्या. तो जुना आणि अस्सल बौद्ध आहे, परंतु तो आचार्य बुद्धघोषांच्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथातला आहे. बुद्धघोष इसवी सनाच्या पाचव्या शतकात सिंहलद्वीपात राहून लिहीत होते, भगवंतांनंतर कितीतरी शतकांनी. वचन वहीत ठेवायचेच, नाव फक्त बदलायचे.

आपल्या कितीतरी कमानींवर 'अत्त दीप भव' लिहिलेले असते. दीघ निकायातले महापरिनिब्बान सुत्त काढून पाहा. भगवान शेवटच्या वर्षावासात, वेसालीजवळच्या बेळुव गावी, आजारातून उठल्यावर आनंदाला बोलत आहेत. तिथे क्रियापद 'भव' नाही, 'विहरथ' आहे. आणि ते अनेकवचनी आहे. एकट्याला नव्हे, साऱ्या संघाला उद्देशून आहे. आणखी एक गंमत. पालीत 'दीप' म्हणजे दिवाही आणि बेटही, कारण संस्कृतातले 'दीप' आणि 'द्वीप' हे दोन्ही शब्द पालीत एकसारखेच होतात. स्वतःचा दिवा व्हा की पुरात आधार देणारे बेट व्हा, यावर विद्वान अजून वाद घालतात. गेल्या पावसाळ्यात आमच्या चाळीत गुडघाभर पाणी शिरले होते, तेव्हा मला बेटाचा अर्थ जास्त पटला होता. असो.

कालाम सुत्ताने मात्र मला चांगलेच जमिनीवर आणले. ते अंगुत्तर निकायाच्या तिक निपातात आहे. कोसल देशातल्या केसपुत्त गावच्या कालामांनी भगवंतांना विचारले की येणारा प्रत्येक जण आपलेच खरे म्हणतो, मग मानावे कोणाचे? त्यावर ज्यांच्या भरवशावर एखादी गोष्ट खरी धरू नये अशी दहा कारणे भगवंतांनी सांगितली. ऐकीव आहे, परंपरा आहे, सांगणारा आपला गुरू आहे, वगैरे. आपण भाषणात सांगतो की बुद्धीला पटेल तेच घ्या असे बुद्ध म्हणाले. मूळ यादी वाचली तर त्या दहांत नुसता तर्कही आहे! तर्काने सिद्ध होते एवढ्यावरही थांबू नका, ते अकुशल आहे की कुशल, त्याने दुःख होते की हित, हे स्वतः अनुभवून जाणा, असा त्याचा रोख आहे. आणि त्या दहांत पिटकात लिहिले आहे हेही एक कारण आहे. म्हणजे मी पान क्रमांक शोधून सही केली म्हणून ते वचन खरे ठरत नाही. एवढेच ठरते की ते कोणाचे आहे. माझ्या पाच रकान्यांच्या वहीची किंमत मला तिथे कळली.

ज्यांना हा सारा उद्योग रिकामटेकडा वाटतो, त्यांनी भदंत आनंद कौसल्यायनांचे उदाहरण पाहावे. बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांच्या परिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कोणता मजकूर कोणत्या सुत्तातला, याचे आधार दिलेले नव्हते. त्यावरून विरोधकांना बोलायला जागा मिळाली. कौसल्यायनजींनी त्याचा हिंदी अनुवाद करताना मूळ पाली ग्रंथ धुंडाळून ते आधार शोधून दिले. एक-दोन ओळींचे नव्हे, एवढ्या मोठ्या ग्रंथाचे! तेव्हा ना संगणक, ना आयत्या सूची. माझे ४१६ त्यापुढे काय आहेत?

शेवटी वडिलांच्या लाल वहीतले एक वचन राहिले आहे, ते मला सोडवत नाही. ३७ वी नोंद. खाली वडिलांच्या अक्षरात लिहिले आहे, 'बाबासाहेब, परळच्या सभेत. आज्याने ऐकले.' आज्या म्हणजे माझे आजोबा. कोकणातून येऊन गिरणीत लागले होते. वचन मुलांच्या शाळेविषयी आणि घरच्या स्वच्छतेविषयी आहे, अगदी घरगुती बोलीतले. ते इथे मुद्दाम देत नाही. छापले की उद्या कुणीतरी या साप्ताहिकाचाच दाखला देईल आणि बिनपावतीची नोंद पक्की होईल. परळला बाबासाहेबांच्या पुष्कळ सभा झाल्या, त्यांचे कार्यालयही परळच्या दामोदर हॉलमध्ये होते. १८ व्या खंडात परळ, नायगाव, लालबाग जेवढे सापडले तेवढे वाचले. सौ. दुपारची कामे आटोपून चश्मा लावून बसायच्या आणि पानांवर बोट फिरवायच्या. वचन मिळाले नाही.

बाबासाहेबांचे प्रत्येक मराठी भाषण शब्दशः टिपले गेले असेही नाही. वार्ताहर उतरवून घेई तेवढे 'जनता'त येई. एकाच सभेचे दोन वृत्तांत दोन तऱ्हेने येत. काही सभांचे काहीच उरले नाही. पाळी संपवून मैदानावर गेलेल्या माझ्या आजोबांच्या कानात जे राहिले, ते छापले गेले नाही म्हणून खोटे कसे म्हणू? आणि छापील आधार नसताना बाबासाहेबांचे म्हणून सही तरी कशी करू? दोन रात्री या विचारात गेल्या. पत्नी म्हणाली, 'जसं आहे तसं लिहा ना. आजोबांनी ऐकलं, मामंजींनी लिहिलं, तुम्हाला पुस्तकात मिळालं नाही. यात खोटं काय आहे?' तसेच लिहिले. ते वचन सस्पेन्स खात्यात आहे, पण पहिल्या ओळीवर आहे.

आजवर २४० वचने तपासून झाली. १५८ ना पान मिळाले, १९ दुसऱ्याच कुणाची निघाली, ६३ सस्पेन्समध्ये आहेत. ती नववीतली मुलगी आता दहावीला आहे, तरी रविवारी दुपारी तासभर येते. तिच्या आग्रहावरून 'स्वतः पाहिले' या रकान्यात दोन सह्या चालू केल्या आहेत. माझी झाली की ती पुस्तक मागून घेते, पान पुन्हा काढते आणि मगच आपली करते. गेल्या रविवारी तिने माझी एक तारीख चुकीची पकडली. नागपूरचे ते मोठे भाषण मी १४ ऑक्टोबर १९५६ चे लिहिले होते. दीक्षा १४ ला झाली, भाषण १५ चे.

विहाराच्या दारावरचा फलक अजून पांढराच आहे. त्यावर काय लिहावे यासाठी समितीची बैठक पौर्णिमेला आहे. आप्पांनी सर्वांना कळवले आहे की ज्याला वाक्य सुचवायचे असेल त्याने पुस्तक बरोबर आणावे.

आणखी एक विनंती. आपल्या घरात जुनी माणसे असतील, बाबासाहेबांच्या सभेला गेलेल्या आई-वडिलांकडून, आजी-आजोबांकडून ज्यांनी काही ऐकले असेल, त्यांच्याजवळ बसून ते उतरवून घ्या. कोणी ऐकले, कुठल्या मैदानावर, साधारण कोणत्या साली, कोणाला सांगितले, हे त्यांच्याच शब्दांत लिहा. परळच्या सभेचे कुणाकडे काही असेल तर या सदराच्या नावे जरूर पाठवा.